सांगाडा तयार, इंजिनाचं काय?

हाइन्केल २८० या जर्मन प्रायोगिक जेट विमानाबद्दल पुन्हा तेच प्रश्न आले आहेत, म्हणून एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न: जगातलं पहिलं जेट विमान हेच ना?

नाही. ते हाइन्केल १७८, २७ ऑगस्ट १९३९ ला उडालं. २८० हे लढाऊ म्हणून बांधलेलं पहिलं जेट.

प्रश्न: विमान उत्तम होतं, राजकारणानं मारलं, असं ऐकतो.

हे ऐकून कान किटले. राजकारण होतंच, पण तारखा बघा. सप्टेंबर १९४० मध्ये सांगाडा तयार होता. दुसऱ्या विमानानं ओढून वर नेला आणि इंजिनाविना तरंगवला. स्वतःच्या इंजिनांवर उडायला मार्च १९४१ ची अखेर उजाडली. तेव्हाही इंजिनांची आवरणं काढून ठेवलेली, कारण गळकं इंधन आत साठून पेटायची भीती! एचईएस-८ या हाइन्केलच्याच इंजिनानं ठरलेला जोर दिलाच नाही. मार्च १९४३ मध्ये प्रकल्प बंद झाला आणि युंकर्स ००४ इंजिनांवर उडणारं प्रतिस्पर्धी जेट मेसरश्मिट २६२ पुढे गेलं. ते ००४ तरी कुठं टिकाऊ? उष्णता सोसणाऱ्या निकेल-क्रोमियमची टंचाई, त्यामुळे १० ते २५ तासांत इंजिन विमानावरून काढावं लागे. टर्बाइनचं तापलेलं पातं फिरताना ताणानं किंचित लांबतं. ओव्हरहॉल शॉपमध्ये अशी पाती मी हाताळली आहेत. टोक केसिंगला घासून चकचकीत झालेलं. आपल्या मारुत या लढाऊ जेटचंही तेच झालं: जर्मन अभियंता कुर्ट टांकच्या आराखड्याला साजेसं इंजिन मिळालं नाही, ऑर्फियस या कमी जोराच्या इंजिनावर भागवावं लागलं. सांगाड्याचे फोटो छापण्याआधी इंजिन कुठवर आलंय ते विचारा, आणि तेही इंजिनवाल्यालाच.

प्रश्न: इजेक्शन सीट याच विमानात आली का?

हो. १३ जानेवारी १९४२ ला चाचणी वैमानिक हेल्मुट शेंक बर्फामुळे अडचणीत आला आणि दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या सीटनं बाहेर पडून वाचला.

प्रश्न: '२८० चं अस्सल पातं, प्रमाणपत्रासह' ऑनलाइन मिळतंय. घेऊ का?

घेऊ नका. या विमानाचा एकही नमुना आज शिल्लक नाही. प्रमाणपत्र विकणाराच छापतो. पैसे देण्याआधी एखाद्या विमान संग्रहालयाच्या अभिरक्षकांना फोटो आणि भागावरचे शिक्के दाखवा. 'आजच शेवटचा दिवस' म्हणत असेल तर फोन ठेवून द्या.

प्रश्न: मी डिप्लोमाला आहे. ट्रकच्या टर्बोचार्जरपासून घरी जेट इंजिन बनवतोय. काय काळजी घेऊ?

आधी थांब. फिरती चकती फुटली तर पत्र्याचं आवरण तिला अडवत नाही. तुझ्या वर्कशॉपच्या सरांना आराखडा दाखव. ते समोर असल्याशिवाय आणि चकतीच्या रेषेत कुणी उभं नाही हे बघितल्याशिवाय ते चालू करू नकोस.