मुलीचा इतिहासाचा प्रकल्प फैजपूर अधिवेशनावर आहे. ‘गुगल’ सोडून संदर्भ कुठून आणायचे आणि लिहायचे कसे?

ताई, प्रश्न वाचला आणि आधी हसू आलं. तुम्ही भुसावळच्या, मुलगी नववीत, विषय फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन, आणि तिच्या बाईंनी कच्च्या वहीवर लाल शाईने लिहिलं की ‘संदर्भ : गुगल’ चालणार नाही. हसू अशासाठी, की अमळनेर तालुक्यातल्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवताना हीच ओळ मी किती वह्यांवर लिहिली त्याचा हिशेब नाही. गुगल म्हणजे एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी. गाडी कुठे लागलीय ते तिथे कळतं. पण जळगावला कसे आलात असं कोणी विचारलं तर ‘खिडकीने आलो’ असं आपण सांगत नाही.

आधी माझी फजिती सांगतो. नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. शाळेत प्रदर्शन होतं आणि फैजपूरचा फलक माझ्याकडे होता. घरातल्या जुन्या कॅलेंडरवर एक सुंदर चित्र होतं, ढोल वाजवणारा माणूस, मोजक्या ठसठशीत रेषा. ते कापलं, खळीने चिकटवलं आणि खाली वळणदार अक्षरात लिहिलं : ‘फैजपूर अधिवेशनासाठी नंदलाल बोस यांनी काढलेले चित्र’. शेजारच्या गावचे चित्रकलेचे सर प्रदर्शन बघायला आले. चश्मा कपाळावर चढवून त्यांनी चित्राला नाक लावलं आणि हळूच विचारलं, “सर, हे हरिपुऱ्याचं ना?” मी म्हणालो, कॅलेंडरवर तसंच छापलं होतं. “कुठलं कॅलेंडर?” आता काय सांगणार! चित्राखालची ओळ मीच कात्रीने कापून कचऱ्यात टाकली होती. तिथे नेमकं काय छापलं होतं ते मलाच आठवेना.

सरांचं बरोबर होतं. नंदलाल बोस यांनी दोन्ही अधिवेशनांची सजावट केली. फैजपूरचं अधिवेशन डिसेंबर १९३६ चं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. हरिपुऱ्याचं फेब्रुवारी १९३८ चं, गुजरातेत, आपल्याच तापीच्या खालच्या अंगाला, अध्यक्ष सुभाषचंद्र बोस. ती प्रसिद्ध चित्रमालिका हरिपुऱ्याची. आजही इंटरनेटवर फैजपूर शोधायला गेलं की हरिपुऱ्याची चित्रं समोर येतात आणि मुलं ती हौसेने चिकटवतात. तुमच्या मुलीच्या वहीत ढोलवाला असेल तर आजच काढून ठेवा.

असाच दुसरा खड्डा नेहरूंच्या भाषणाचा. ‘काँग्रेस अध्यक्षीय भाषण १९३६’ एवढंच शोधलं तर बहुतेक वेळा लखनौचं भाषण हाती लागतं. १९३६ सालात काँग्रेसची दोन अधिवेशनं झाली, एप्रिलमध्ये लखनौला आणि २७-२८ डिसेंबरला फैजपूरला, आणि दोन्हीकडे अध्यक्ष नेहरूच. त्यामुळे नुसत्या सालावर भागत नाही. महिना आणि गाव जुळल्याशिवाय एक वाक्यही उतरवून घ्यायचं नाही.

आता कुठे शोधायचं ते. सगळ्यात सोपी सुरुवात मराठी विश्वकोशापासून करा. तो इंटरनेटवर फुकट आहे आणि नोंदीखाली ती लिहिणाऱ्याचं नाव असतं. (विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे. माझ्या वर्गात हे सांगितल्याशिवाय मला राहवत नसे.) विकिपीडियावर लेख वाचा, पण थांबा तळाच्या संदर्भांपाशी. तिथून मूळ पुस्तकाचं नाव घ्या, ते पुस्तक उघडा आणि संदर्भात ते पुस्तक लिहा.

गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ, हा शब्द बाईंनी नक्की उच्चारला असेल. खानदेशाचं जुनं गॅझेटियर १८८० चं, कॅम्बेल यांनी संपादलेलं, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला बारावा खंड. अधिवेशन त्यानंतर छप्पन्न वर्षांनी झालं, म्हणजे ते त्यात सापडणार नाही हे उघड आहे. पण त्या काळचं फैजपूर कसं होतं, तिथले रंगारी, बाजार, यासाठी ते उत्तम. जळगाव जिल्ह्याचं स्वतंत्र गॅझेटियर १९६२ चं आहे, तेही बघा. दोन्ही स्कॅन केलेली मिळतात. शोधताना एक लक्षात असू द्या. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्यामुळे १९३६ च्या कागदांत फैजपूर ‘पूर्व खानदेश’ जिल्ह्यात सापडेल. ‘जळगाव जिल्हा’ असं शोधत बसलात तर हात हलवत परत याल.

गॅझेटियर सरकारी आहे म्हणजे सगळं खरं, असं मात्र समजू नका. माझ्या एका विद्यार्थ्याने खाज्या नाईकांवर प्रकल्प केला होता. पोरगा सातपुड्याच्या पायथ्याचा. त्याच्या आजोबांच्या तोंडी नाईक म्हणजे इंग्रजांशी लढलेला माणूस, ११ एप्रिल १८५८ च्या अंबापाणीच्या लढाईतला. गॅझेटियरात त्याच माणसांना लुटारू म्हटलेलं. पोरगा गोंधळला. “सर, पुस्तकात खोटं कसं छापतील?” मी म्हटलं, लिहिणारा कोणाच्या पगारावर आहे ते आधी बघ. दिवस, ठिकाण, फौज किती, हे त्याच्याकडून घे; ‘लुटारू’ हा शब्द त्याचा आहे, तो अवतरणात टाक आणि कोण म्हणतंय ते लिही. त्याने दोन्ही बाजू समोरासमोर दोन रकान्यांत मांडल्या. इतका चांगला प्रकल्प मी पुढे फार वेळा पाहिला नाही.

फैजपूरपुरतं बोलायचं तर अस्सल साधन म्हणजे त्या आठवड्यातली वर्तमानपत्रं आणि नेत्यांची छापलेली भाषणं. गांधीजी फैजपूरला आले होते, तिथल्या खादी-ग्रामोद्योग प्रदर्शनात बोलले होते. त्यांच्या समग्र लेखनाच्या इंग्रजी मालिकेत, शंभर खंडांच्या छापील आवृत्तीत, हे दिवस ६४ व्या खंडात येतात. आता गंमत बघा : याच मालिकेची संगणकावरची आवृत्ती ९८ खंडांची आहे आणि तिचे क्रमांक छापील खंडांशी जुळत नाहीत. मुलीने एका आवृत्तीतून उतरवलं आणि बाईंनी दुसरी उघडली, तर बाईंना तिथे भलताच महिना दिसेल आणि पोरगी खोटी ठरेल. संदर्भात ‘आवृत्ती’ लिहायला लावतात ते याच्यासाठी.

फैजपूर तुमच्यापासून काही लांब नाही. एका रविवारी मुलीला घेऊन जा. पण महाविद्यालयाचं ग्रंथालय बघायचं असेल तर कामाचा दिवस धरा आणि शाळेचं पत्र सोबत न्या, शिक्क्यासकट. पत्र असलं की ग्रंथपाल कपाटाची किल्ली शोधतात, नसलं की चहा पाजतात. तिथलं महाविद्यालय ज्यांच्या नावाने आहे ते खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी या अधिवेशनासाठी राबलेले कार्यकर्ते. त्यांच्याबद्दल स्थानिक स्मरणिका, गौरवग्रंथ मिळतील. गौरवग्रंथ गौरवासाठीच काढलेला असतो, तेवढं मनात ठेवून वाचा. फोटो आणि पत्रं त्यात बरी मिळतात.

गावात जुनी माणसं बोलतील. ‘मना बाप सांगे’ (माझे वडील सांगायचे) असं तुम्ही आमच्याकडे अहिराणीत ऐकाल, तुमच्याकडे लेवा बोलीत ऐकाल. पण हिशेब करा. १९३६ ला दहा वर्षांचं पोर आज शंभरीला टेकलेलं. म्हणजे बहुतेक आठवणी वडिलांकडून किंवा आजोबांकडून ऐकलेल्या. त्या घ्या, जरूर घ्या, फक्त ‘यांनी पाहिले’ असं न लिहिता ‘यांनी वडिलांकडून ऐकलेले सांगितले’ असं लिहा. झेंडा वर चढताना अडकला आणि एक तरुण सरसर खांबावर चढून तो सोडवून आला, ही गोष्ट तुम्हाला हमखास ऐकवतील. व्हॉट्सअ‍ॅपवरही ती फिरते आणि खांबाची उंची मेसेजागणिक बदलते. अशा गोष्टीसाठी त्या आठवड्याचा अंक शोधा. नाही मिळाला तर ‘असे सांगितले जाते’ एवढंच लिहा. त्याने मार्क कापणारी बाई मला अजून भेटायची आहे.

आता संदर्भ लिहायची रीत. मुलांना वाटतं ही काहीतरी अवघड भानगड आहे. खरं तर पोस्टाच्या पत्त्यासारखंच ते. पुस्तक असेल तर लेखक किंवा संपादक, पुस्तकाचं नाव, खंड, आवृत्ती, प्रकाशक, गाव, साल, पान. म्हणजे आपलं गॅझेटियर असं येईल : कॅम्बेल (संपा.), गॅझेटियर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी, खंड १२, खानदेश, मुंबई, १८८०, आणि पुढे पान. वर्तमानपत्र असेल तर नाव, गाव, तारीख, पान. संकेतस्थळ असेल तर लेखाचं नाव, लेखक, संकेतस्थळाचं नाव आणि तुम्ही ते कोणत्या दिवशी पाहिलं ती तारीख, कारण वेबपान बदलतं. मुलाखत असेल तर सांगणाऱ्याचं नाव, वय, गाव, भेटीची तारीख, आणि नाव छापायला त्यांची परवानगी. एकच पद्धत पहिल्यापासून शेवटपर्यंत ठेवा. स्वल्पविराम कुठे आला यावरून नववीत कोणी अडवत नाही.

जे पुस्तक मुलीने हातात घेतलं नाही ते यादीत नको. दुसऱ्याच्या लेखात अवतरण सापडलं असेल तर ‘अमुक यांच्या लेखातून उद्धृत’ असं स्वच्छ लिहा. हे हल्ली जास्तच सांगावं लागतं. माझ्या नातवाने चॅटजीपीटीला संदर्भ विचारले तर त्याने पाच पुस्तकं दिली, लेखक, प्रकाशक, पान नंबर, सगळं झोकात. वाचनालयात जाऊन यादी लावली. दोन होती, तीन कुठेच नव्हती.

आमचे इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे धुळ्याला वारले, ३१ डिसेंबर १९२६ ला. जुन्या वाड्यांतून दप्तरं मिळवत माणूस आयुष्यभर हिंडला आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड निघाले. धुळ्यातलं त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ एकदा मुलीला दाखवा. तुमच्या विषयाचं तिथे काही मिळो न मिळो, जुना मोडीतला कागद समोर बघितला की ‘साधन’ या शब्दाला वजन येतं. नववीच्या पुस्तकात पहिलाच धडा साधनांचा आहे, तोही मग नुसता पाठ करावा लागणार नाही.

आणि ताई, एक छोटी वही वेगळी करा. पुस्तक उघडलं की आधी त्याचं पहिलं पान त्या वहीत उतरवायचं, मगच आतलं वाचायचं. फोटो काढणार असाल तर मजकुराच्या पानाबरोबर मुखपृष्ठाचाही काढा. प्रकल्प द्यायच्या आदल्या रात्री अकरा वाजता पान नंबर शोधायला कोणतंही वाचनालय उघडं नसतं.