'प्राइड'ला गर्व म्हणू नये

प्रश्न असा आहे: समलिंगी, ट्रान्सजेंडर अशी माणसं उघडपणे रस्त्यावर चालतात त्या 'प्राइड परेड'ला मराठीत काय म्हणावं? विचारणाऱ्या ताईंनी कुठेतरी 'गर्व संचलन' असं वाचलं आणि ते त्यांना खटकलं.

खटकणारच. हिंदीत 'मुझे गर्व है' सहज बोललं जातं, मराठीत मात्र गर्वाचं घर खाली असतं. आपल्याकडे गर्व चढतो आणि मग कुणीतरी तो उतरवतो. संचलन म्हटलं की डोळ्यांपुढे येतो प्रजासत्ताक दिन, पावलाला पाऊल जुळवून चालणारी पथकं. इथे ज्याची त्याची चाल वेगळी.

नाव कसं पडलं ते पाहू. २८ जून १९६९ च्या पहाटे न्यूयॉर्कमध्ये ख्रिस्तोफर स्ट्रीटवरच्या 'स्टोनवॉल इन' या समलिंगी लोकांच्या बारवर पोलिसांची धाड पडली, आणि मुकाट्यानं निघून जाण्याऐवजी लोक उलटले. वर्षभरानं त्याच तारखेला तिथे मोर्चा निघाला. त्याच्या तयारीच्या काळात आयोजकांपैकी क्रेग शूनमेकर यांनी 'प्राइड' हा शब्द सुचवला. 'गे पॉवर' ही घोषणा तेव्हा चालू होतीच. पण सत्ता हाती नसली तरी स्वतःबद्दल अभिमान बाळगता येतो, हा त्यांचा विचार. म्हणजे या 'प्राइड'चा विरुद्धार्थी शब्द नम्रता नाही, लाज आहे. आणि लाजेसमोर मराठीत ताठ उभा राहतो तो स्वाभिमान. नुसता 'अभिमान'ही चालेल, पण संतांच्या वाणीत देहाभिमान टाकून द्यायचा असतो, त्याची सावली त्या शब्दावर थोडी आहेच.

चेन्नईकरांनी हे फार सुंदर साधलं आहे. तिथल्या मोर्चाचं तमिळ नाव 'वानविल सुयमरियादै पेरणि', म्हणजे इंद्रधनुष्य स्वाभिमान मोर्चा. 'सुयमरियादै' हा तमिळनाडूतले जातिविरोधी समाजसुधारक पेरियार यांच्या चळवळीचा शब्द. अपमान सोसलेल्यांनी घडवलेला शब्द तशाच दुसऱ्या माणसांच्या कामी आला. जर्मनीत थेट त्या रस्त्याचंच नाव घेऊन 'ख्रिस्तोफर स्ट्रीट डे' म्हणतात, तर मुंबईत २००८ साली ऑगस्ट क्रांती मैदानातून निघालेल्या मोर्चाच्या नावात 'आझादी' होती.

आता 'परेड'. मिरवणूक म्हटलं की विषय हलका होतो, मोर्चाच म्हणा, असं काहींचं मत. मला ते पटत नाही. मिरवणे हे लपवण्याच्या बरोबर उलट आहे. नवी नथ मिरवतात, वरातीत नवरदेव मिरवतात. ज्यांचं आयुष्य लपवण्यात गेलं त्यांच्यासाठी याहून नेमकं क्रियापद कोणतं? शिवाय दोन्ही एकत्र नांदतात. २४ जून १९७८ च्या रात्री सिडनीत लोक गाण्याच्या ट्रकमागे नाचत निघाले, आणि रात्र संपेतो ५३ जणांना अटक झाली होती. ती मिरवणूकही होती आणि मोर्चाही.

मुंबईतल्या एका मोर्चात माझ्या पुढे एक मुलगा होता. तोंडावर कागदी मुखवटा, दोरी घामानं भिजून मानेला चिकटलेली. दोन-तीनदा त्यानं ती सैल केली, मुखवटा मात्र काढला नाही. ढोल वाजला की हात वर करून नाचायचा. चेहरा झाकूनही तो मिरवतच होता.

मी 'स्वाभिमान मिरवणूक' लिहीन. चालणारे मात्र एकमेकांना 'यंदा प्राइडला येतेस ना?' असंच विचारतात. संवाद लिहिताना तिथे 'प्राइड'च राहू द्या.