वाचकांचे प्रश्न : विमा, इस्पितळ आणि कागदपत्रे

प्रश्न : आमची आरोग्य विमा पॉलिसी सहा वर्षे खंड न पडता चालू आहे. मूळ विमा रक्कम तीन लाख होती. दोन वर्षांपूर्वी ती पाच लाख केली. गेल्या महिन्यात वडिलांच्या छातीत दुखू लागल्याने त्यांना मडगावच्या एका खासगी इस्पितळात नेले आणि अँजिओप्लास्टी करावी लागली. केसपेपरवर 'मधुमेह, दहा वर्षे' अशी नोंद झाली. पॉलिसी घेताना मधुमेह सांगितला नव्हता, असे कारण देऊन विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या टीपीएने कॅशलेस नाकारले. २ लाख ८० हजार रुपये आम्ही भरले. 'आता काही मिळणार नाही', असे काउंटरवर सांगण्यात आले. हे खरे आहे का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : नाही. कॅशलेस, म्हणजे कंपनीने इस्पितळाचे बिल परस्पर भरणे, ही केवळ बिल भरण्याची पद्धत आहे. ती सवलत नाकारली गेली तरी त्याच उपचारांसाठी परतफेडीचा दावा करण्याचा तुमचा हक्क शाबूत राहतो. टीपीए हा कागद तपासणारा मध्यस्थ असतो. दावा फेटाळण्याचा निर्णय विमा कंपनीचा असतो आणि कंपनीलाही तो आपल्या दावा-पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही.

तुमच्या बाबतीत निर्णायक ठरणारी गोष्ट म्हणजे पॉलिसीचे वय. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली, की माहिती दिली नाही किंवा चुकीची दिली या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. अपवाद आहे तो फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. मात्र वाढवलेल्या विमा रकमेसाठी हे ६० महिने वाढवल्या दिवसापासून मोजले जातात, त्यामुळे वरच्या दोन लाखांना हे संरक्षण अजून लागू झालेले नाही. तुमचा खर्च मूळ तीन लाखांच्या आत बसतो, ही मोठी जमेची बाजू आहे.

केसपेपरवरची नोंद बदलून घ्या, असा सल्ला कोणी देत असेल तर कृपा करून तो मानू नका. सरळ दाव्याला फसवणुकीचे रूप येते ते अशाच खाडाखोडीने. घाईत कोणीतरी 'दहा वर्षे' असे अंदाजाने सांगितले असेल, तर जुने रक्त तपासणीचे अहवाल शोधा आणि वडिलांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून खुलाशाचे पत्र घ्या. तो नुसता अंदाज नसेल, तर आहे ते तसेच राहू द्या. ६० महिन्यांचा नियम अशाच प्रसंगासाठी आहे.

आता कागद. डिस्चार्ज समरी, तपशीलवार बिल, पावत्या, औषधांच्या चिठ्ठ्या, अँजिओग्राफीचा अहवाल व सीडी, आणि स्टेंटच्या वेष्टनावरचा क्रमांक असलेला स्टिकर. माझ्या आईच्या वेळी हा इवलासा स्टिकर फाइलमध्ये लावायचा राहून गेला आणि तेवढ्यासाठी मला इस्पितळात तीन फेऱ्या माराव्या लागल्या. कॅशलेस नाकारल्याचे पत्रही सोबत जोडा. दावा सादर करण्याची मुदत पॉलिसीत दिलेली असते. एक महिना उलटला आहे, म्हणून ती आजच पाहा, आणि संपली असल्यास उशिराचे कारण लेखी द्या.

तरीही नकार आला, तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. गोव्याचे प्रकरण लोकपालांच्या पुणे कार्यालयाकडे जाते. शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार त्यांना आहे. कंपनीच्या अंतिम नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करायला हवा.

प्रश्न : माझ्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० रुपये आहे. पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठी ८,००० ची खोली घेतली, तर वरचे ३,००० तेवढे आपण भरायचे ना? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : बहुतेक पॉलिसींत तेवढ्यावर भागत नाही. खोली महाग, तसे डॉक्टरांचे शुल्क आणि शस्त्रक्रियागृहाचे भाडेही महाग, अशी अनेक इस्पितळांची रीत असते. म्हणून कंपनी हे खर्चही पाचास आठ या प्रमाणात कापते. सर्जनचे शुल्क ४०,००० असेल, तर त्यातले २५,००० मंजूर होतील आणि १५,००० तुमच्या खिशातून जातील. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कपात लावता येत नाही. जिथे खोलीनुसार दर बदलत नाहीत, त्या इस्पितळातही लावता येत नाही. शस्त्रक्रिया पूर्वनियोजित असल्याने दोन्ही खोल्यांचे अंदाजपत्रक आधीच लेखी मागून घ्या, आणि ५,००० ची खोली रिकामी नसल्यास दोन दिवस थांबता येईल का, हे सर्जनना विचारा.