'लू झोंग' मधलं झोंग म्हणजे नक्की काय?

प्रश्न असा आहे की चिनी ऑफिसवाल्या लव्हस्टोरी मालिकांमध्ये अख्खा स्टाफ हिरोला 'लू झोंग, लू झोंग' करत असतो आणि खाली सबटायटलला 'प्रेसिडेंट लू' येतं, तर झोंग हे त्याचं नाव का हुद्दा, आणि मराठीत काय म्हणायचं.

नाव नाही. लू हे आडनाव, त्यांच्यात ते आधी येतं, आणि झोंग म्हणजे आपलं 'साहेब'. क्रमसुद्धा तोच बघा, पाटील साहेब तसं लू झोंग. इंग्रजीवाले ते उलटं करून प्रेसिडेंट लू करतात आणि मग आपल्याला वाटतं हा कुठल्या देशाचा राष्ट्राध्यक्ष.

आधी उच्चार. रोमनमध्ये झेड लिहितात म्हणून आपण झ वाचतो, पण चिनी स्पेलिंगमधला हा झेड म्हणजे आपला चोर, चूल, चाळ मधला च. चहातला नाही, चोरातला! हिंदीत हा च नाहीच, इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, आपल्याकडे आयता आहे आणि आपणच झोंग म्हणत बसतो. तर 'चोंग', त्यातला ओ जरा उ कडे झुकलेला.

आता अर्थ. चोंग म्हणजे एकूण, सगळ्यांच्या वरचा. 'चिंगली' म्हणजे मॅनेजर, म्हणून 'चोंगचिंगली' म्हणजे जनरल मॅनेजर. आता आपला शब्द आठवा, सरव्यवस्थापक. सरसेनापती, सरन्यायाधीश, सरचिटणीस मधलं जे फारसी 'सर' आहे ना, तेच काम चोंग करतं. चिनी लोक ते पुढचं 'सर' कापून आडनावाच्या मागे लावतात आणि हाक मारतात, म्हणजे शब्दशः 'लू सर' झालं! आपण ऑफिसात म्हणतो तो सर इंग्रजीतला, त्याचा फारसीशी संबंध नाही, पण योगायोग असा जमलाय की मला तर हे कळल्यावर दोन दिवस जो भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

गंमत म्हणजे जनरल मॅनेजर, कंपनीचा सर्वेसर्वा, एखाद्या विभागाचा डायरेक्टर, या सगळ्यांच्या हुद्द्यात चोंग असतं, त्यामुळे नुसत्या हाकेवरून माणूस किती मोठा ते कळत नाही. उपप्रमुखालाही तोंडावर 'उप' कोण लावणार, आपण उपसरपंचाला सरपंचच म्हणतो की. हा 'उप' चिनीत 'फू', आणि फू नावाचं एक आडनावही आहे, सूर तोच. म्हणजे खरा मोठा साहेब फू आडनावाचा निघाला तर 'फू चोंग' ऐकून नवख्याला वाटणार हे उपसाहेब. यावर तिकडे भरपूर विनोद चालतात.

'लाओपान' पण ऐकू येईल. त्याचा अर्थ बॉस असा देतात पण तो शेठ आहे, नूडलवाल्यालाही लाओपान म्हणतात आणि त्याच्या बायकोला 'लाओपानन्यांग', म्हणजे शेठाणी.

या हिरोंच्या जातीला तिकडे 'पाताओ चोंगत्साय' असं ठेवणीतलं नाव आहे. सबटायटलवाले 'डॉमिनीअरिंग सीईओ' करतात, मी 'अरेरावी साहेब' करेन. यातलं पाताओ मात्र लई जुनं आहे, मेन्शियस नावाच्या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या परंपरेत धर्माने चालवलेलं राज्य एक आणि बळजोरीने चालवलेलं दुसरं, ते दुसरं म्हणजे पाताओ. साधारण 2300 वर्षांपूर्वीचा राजनीतीतला शब्द, आता सूट घालून लिफ्टमध्ये हिरॉइनचा रस्ता अडवून उभा आहे.

मराठीत सबटायटल करणाऱ्याची खरी परीक्षा साहेब शब्दात नाहीच, ती क्रियापदात आहे. चिनीत आदराचं 'नीन' आणि साधं 'नी' असं आहे, पण क्रियापद बदलत नाही, इंग्रजीत दोन्हीचं 'यू' होतं आणि विषय संपला. आपल्याकडे 'जेवलात का' आणि 'जेवलास का' यातलं एक लिहावंच लागतं. हिरो म्हणतो ऑफिसबाहेर मला लू चोंग म्हणू नको, ती अडखळते, मग कधीतरी भांडणात तोंडातून नुसतं नाव निघून जातं, तिथे अहो जाहो वरून अरे तुरे वर यायचं. एक एपिसोड आधी केलं तर पोरगी आगाऊ वाटेल, उशीर केला तर बायकोच्या भूमिकेत शिरल्यासारखी!

आणि सगळंच काही परकं नाहीये. 2014 च्या 'बॉस अँड मी' मध्ये (मूळ नावाचा अर्थ 'शानशान आली') हिरो हिरॉइनसाठी माशांचं तळं घेतो आणि हे सगळ्यांना कळू दे म्हणतो, त्या डायलॉगची चिनी नेटवर जाम टिंगल झाली. त्यातला शब्द आहे 'छंगपाओ', खेड्यात जमीन, तळी ठरावीक मुदतीने कसायला घेतात त्याचा. इंग्रजीत हे फारच कोरडं होतं. आपण म्हणू, तळं मक्त्यानं घेतलंय तुझ्यासाठी.