दूरशिक्षणाची फी एकरकमी भरावी का?

प्रश्न: नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने पदव्युत्तर पदवी करायची आहे. दोन वर्षे, चार सत्रे, 80 श्रेयांक (क्रेडिट). सगळी फी आधी भरली तर 10 टक्के सूट आहे. त्यासाठी अडीअडचणीला ठेवलेले पैसे काढू का? अभ्यासाला आठवड्याला 8 तास मिळतात.

उत्तर: ते पैसे काढू नका.

एकूण फी 100 धरा. एकरकमी 90 जातील, सत्रागणिक 25. पहिल्या सत्रानंतर अभ्यास सुटला आणि फी परत मिळाली नाही, तर हप्त्याने भरणाऱ्याचे 25 बुडतात, तुमचे 90. म्हणजे 10 वाचवायला 65 जास्तीचे पणाला लागतात. अभ्यासक्रम पुरा होण्याची खात्री निदान 87 टक्के असेल तरच ही सूट परवडते, आणि दूरशिक्षणातली गळती बहुतेक सुरुवातीलाच होते.

मला खरी काळजी आहे ती तुमच्या 8 तासांची. एका श्रेयांकाला साधारण 25 ते 30 तास अभ्यास धरतात. 30 धरले तर 20 श्रेयांकांच्या सत्राला 600 तास झाले. 26 आठवड्यांत ते बसवायचे तर आठवड्याला 23 तास हवेत. तुमच्या 8 तासांत सत्राला जेमतेम 7 श्रेयांक होतील, म्हणजे पदवीला पावणेसहा वर्षे! नोंदणी किती वर्षे चालते आणि सत्राला कमी श्रेयांक घेता येतात का, हे फी भरण्याआधी विचारा. मुदत चार वर्षांची असेल, तर आठवड्याला साडेअकरा तास काढावेच लागतील.

बढतीसाठी शिकत असाल, तर ‘पदवी असलेली बरी’ एवढ्या तोंडी शब्दावर जाऊ नका. बढतीच्या नियमात ती अट आहे का आणि दूरशिक्षणाची पदवी चालते का, हे लेखी घ्या. केवळ आवडीसाठी शिकायचं असेल तर तेही चांगलंच कारण आहे, पण मग सुटा एकेक विषय घेणं बरं.

फीच्या वर आणखी चौथा हिस्सा बाजूला ठेवा. अनेक ठिकाणी स्वाध्याय वेळेत दिले नाहीत तर परीक्षेला बसू देत नाहीत. मग फेरनोंदणी, पुन्हा परीक्षा शुल्क. संपर्कसत्रांसाठी, म्हणजे केंद्रावर हजर राहायच्या तासांसाठी, बिनपगारी रजाही पडू शकते.

आधी 14 दिवस करून पाहा. पहिल्या घटकाचं अभ्याससाहित्य मिळवा, रोज ठरल्या वेळी बसा, वहीत मिनिटं मांडा आणि एक स्वाध्याय पूर्ण लिहून काढा. जमलं तर पहिले 25 भरा. पुढचे 25 पहिली परीक्षा देऊन झाल्यावर.