ग्लूटेन बंद असलेल्या मुलासाठी घरात काय भरायचं: दाणा आणा, पीठ नको

ताई, तुमचा प्रश्न वाचला. सहा वर्षांच्या मुलाला सिलिअ‍ॅक निघालाय (गहू-जवातल्या ग्लूटेन या प्रथिनानं आतड्याला इजा होते तो आजार), डॉक्टरांनी गहू कायमचा बंद केलाय, ग्लूटेन-फ्री बिस्किटं आणि तयार पिठं परवडत नाहीत आणि तो ती खातही नाही. मग साध्या घरच्या धान्यावर भागेल का, असं तुम्ही विचारलंय. भागतं. माझी मुलगी बालवाडीत असल्यापासून याच पथ्यावर आहे, आता कॉलेजात जाते. सांगलीत तर हे पथ्य त्यातल्या त्यात सोपं, कारण भाकरी करायला आपल्याला कुणी शिकवायला लागत नाही.

आधी एक विचारते. रक्ताची टीटीजी (या आजाराची रक्ततपासणी) आणि दुर्बिणीतून आतड्याचा नमुना घेऊन केलेली तपासणी, दोन्हींबद्दल डॉक्टरांनी काय ते ठरवलंय ना? कारण गहू आधीच बंद केला तर तपासणीत आजार लपू शकतो. ते राहिलं असेल तर पथ्य सुरू करायच्या आधी त्यांना गाठा.

आता धान्य. माझा नियम असा, की घरात येताना जे दाणा म्हणून ओळखता येतं ते बिनधास्त बघायचं, आणि जे पीठ, रवा किंवा पूड होऊन येतं त्याची कुंडली मागायची. ज्वारीत ग्लूटेन नसतं, पण विकतच्या ज्वारीच्या पिठात असू शकतं. गहू शिरतो तो गिरणीत. सकाळपासून गहू दळलेल्या जात्यातून तुमचा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, निघाला की सोबत गव्हाचं पीठ येणारच. गिरणीवाले दादा मनापासून म्हणतात, "आधी दुसऱ्याचं ज्वारीचं दळण काढतो, मग तुमचं टाकतो." त्यानं प्रमाण कमी होतं, पण दगडाच्या खाचांत आणि पीठ पडतं त्या कापडी नळीत शिल्लक राहतंच. आपल्याकडे ग्लूटेन-फ्री लिहायला किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. म्हणजे किलोभर पिठात गव्हाच्या पिठाची चिमूटसुद्धा जास्तच झाली. म्हणून खर्च करायचाच तर घरघंटीवर करा, आणि तिच्यात गहू कधी म्हणजे कधी घालू नका. कुणाची वापरलेली स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नका, तिनं आयुष्यभर गहूच दळलेला असतो.

शाळू जत-आटपाडीकडचा किंवा माणातला वर्षाचा भरून ठेवला तर उत्तम. पण शेतकऱ्याकडून थेट घेतला म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. शाळू आणि गहू मागेपुढे एकाच सुगीत निघतात आणि मळणी यंत्र बऱ्याचदा तेच असतं, त्यामुळे शाळूत गव्हाचे दाणे सापडतात. ताटात पसरून निवडा, धुवा, कडक उन्हात वाळवा, मग दळा. मसुरीतही गव्हाचा दाणा निघतो, तीही तशीच निवडायची. तांदूळ, नाचणी, बाजरी, राजगिरा, वरी, मूग, मटकी, वाघ्या घेवडा, शेंगदाणे हे सगळं चालतं. बेसन मात्र हरभरा डाळ आणून घरीच दळायचं.

खपलीबद्दल जरा जोरात सांगते, कारण आपल्या भागात खपली पिकते आणि प्रत्येक नातेवाईक "जुना गहू आहे, बाधत नाही" म्हणून ती पुढे करतो. खपली गहूच आहे. तिच्यात ग्लूटेन आहे. कुणी ग्लूटेन-फ्री खपली म्हणून विकत असेल तर त्याच्याकडून दुसरंही काही घेऊ नका.

आता फसवणाऱ्या वस्तू. थालिपिठाच्या भाजणीत गहू असतो, मेतकुटात बहुतेक असतो, सातूच्या पिठात तर असतोच. कुरडई गव्हाच्या चिकाची. शेवया, लापशी, रवा हे तुम्हाला माहीतच आहे. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरींत जव असतो, तोही बंद. सगळ्यात वाईट म्हणजे हिंग. डबी उलटी करून घटक वाचा, बांधणी हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा सर्रास असतो. आपण तो डाळीत, ताकात, लोणच्यात रोज टाकतो. डंकावर कांदा-लसूण मसाला कुटून आणता ना, त्यातही तोच पडतो. खडा हिंग आणून घरी कुटा, नाहीतर तांदळाच्या पिठातला बघून घ्या. मसाल्याचंही तेच करा, मिक्सरला थोडा थोडा केला तरी चालतो.

घरातल्या बाकीच्यांच्या चपात्या चालू राहणार असतील तर मुलाची काठवट, पोळपाट-लाटणं, तवा आणि चाळण वेगळी ठेवा. भाकरी आधी, चपाती नंतर. चपातीचं लावायचं पीठ ओट्यावर उडतं.

डब्याला काय? आमच्याकडे चालायचं ते सांगते: तांदळाचं घावन आणि चटणी, मुगाचं धिरडं, दडपे पोहे, वरीची खिचडी, शेंगदाणा-गुळाची चिक्की, राजगिऱ्याची वडी. सांगलीत राहून भडंग बंद कशाला, फक्त घरी परतायचा आणि आपला मसाला लावायचा. विकतचं ग्लूटेन-फ्री बिस्किट अधूनमधून ठीक आहे, पण बहुतेकांत नुसता स्टार्च, साखर आणि तूप-तेल. या मुलांचं आतडं सुजलेलं असतं, त्यामुळे लोह आणि कॅल्शियम बऱ्याचदा आधीच कमी पडलेलं असतं, त्यांना भरीव खाणं हवं. नाचणीत 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आंबील करा, सत्त्व करा, लाडू करा. सुरुवातीला काहींना दूधही पचत नाही, आतडं भरून आलं की बहुतेकांना पुन्हा चालतं, तोवर ताक-दही कसं पचतं ते डॉक्टरांना विचारून बघा.

हिवाळ्यात शाळूचा हुरडा पोटभर द्या, फक्त त्याच आरात गव्हाच्या ओंब्या भाजल्या जात नाहीत ना एवढं बघा.

पदार्थांपेक्षा माणसं अवघड. सत्यनारायणाचा शिरा घेऊन शेजारच्या काकू येणार, आणि घरात सासूबाई म्हणणार, "प्रसादाला नाही म्हणू नये, एवढ्याशानं काय होतंय?" होतं. पोरगा लगेच लोळला नाही तरी आत इजा होते, आणि दिसत नाही म्हणूनच समजावणं जड जातं. वाद घालू नका. प्रसादाचं केळं द्या. घरच्या पूजेला शिरा वरीचा करा, सासूबाईंनाच करायला सांगा, मग त्याच चार घरी त्याचं कौतुक सांगतात. गणपतीत उकडीचे मोदक चालतात, तळणीचे नाहीत. होळीला पुरण वाटीत, वर दूध-तूप. वाढदिवसाला मुलाचा डबा बरोबर द्या आणि तिथल्या आईला आदल्या दिवशी फोन करा.

औषधाच्या गोळ्यांतही कधी गव्हाचा स्टार्च असतो, केमिस्टला विचारत जा.

ओट्स चालतील का, असंही विचारलंत. त्यांचं मूळ प्रथिन वेगळं आहे, पण शेतापासून कारखान्यापर्यंत ते गव्हा-जवाच्या संगतीत असतात, आणि थोड्या मुलांना निर्भेळ ओट्सही सोसत नाहीत. टीटीजीचा आकडा खाली येऊन स्थिर होईपर्यंत नको, नंतर डॉक्टर हो म्हणाले तरच, तेही ग्लूटेन-फ्री छापलेल्या पाकिटातले. आणि पथ्य कडक पाळूनही आकडा उतरत नसेल, तर डॉक्टरांकडे जाताना घरातल्या हिंगाची, मसाल्याची आणि पापडाची पाकिटं पिशवीत घालून न्या.