‘टीकप’ पिल्लू शोधणाऱ्या नव्या श्वानपालकांसाठी

लहान चणीचे कुत्रे पाळण्याचा तुमचा विचार चांगला आहे. मात्र आगाऊ रक्कम देण्यापूर्वी जाहिरातीतल्या शब्दांचा अर्थ समजून घ्या.

अगदी चिमुकल्या पिल्लांसाठी जाहिरातीत वापरल्या जाणाऱ्या ‘टीकप’ किंवा ‘पॉकेट’ या नावांची कोणतीही मान्यताप्राप्त जात नाही, आणि जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदणीतही हा आकार स्वतंत्रपणे धरला जात नाही. चिहुआहुआचे आदर्श वजनच आंतरराष्ट्रीय मानकानुसार दीड ते तीन किलो असते. त्याहूनही लहान म्हणून विकले जाणारे पिल्लू बहुधा अशक्त, अपुऱ्या दिवसांचे किंवा मुद्दाम कमी खायला घातलेले असते. अशा पिल्लांची रक्तशर्करा एकदोन खाणी चुकली तरी धोकादायकरीत्या उतरू शकते, म्हणून या शब्दासाठी जादा पैसे मोजू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

‘टॉय’ आणि ‘मिनिएचर’ हे पूडलच्या बाबतीत खांद्यापर्यंतच्या उंचीवरून ठरलेले खरे प्रकार आहेत. मिनिएचर पिन्शर मात्र डॉबरमनची छोटी आवृत्ती नव्हे; ती वेगळी आणि डॉबरमनहून जुनी जात आहे. आपल्याकडे ‘पॉम’ (पॉमेरेनियन) म्हणून विकले जाणारे कुत्रे तर पुष्कळदा इंडियन स्पिट्झ या वेगळ्या जातीचे असते (तेही उत्तम सोबती ठरते).

सुरुवातीला एवढे पुरे:
- पिल्लाचे आईवडील प्रत्यक्ष पाहा.
- आठ आठवड्यांखालील पिल्लू घेऊ नका. कुत्र्यांच्या प्रजनन व विक्रीविषयीच्या २०१७ च्या नियमांनुसार प्रजननकर्त्याला ते विकता येत नाही.
- पशुवैद्यकाकडून गुडघे आणि हृदय तपासून घ्या.